रस्त्याचा हक्क आणि खिशातला कॅमेरा

मोहम्मद अली रोडवरच्या मिनारा मशिदीची गल्ली रमजानच्या रात्री कशी असते, हे आता मुंबईकरांना सांगावे लागत नाही. मालपुवा, फिरनी आणि कबाबांसाठी पूर्वी इथे मुख्यतः आसपासचे लोक तरावीह आटोपून येत. आता डोंबिवली-बोरिवलीपासून तरुण मुले-मुली येतात. कुठल्या दुकानात खायचे हे त्यांनी रील पाहून घरीच ठरवलेले असते. ज्या दुकानाची रील चालली तिथे रांग लागते, शेजारचे तितकेच जुने दुकान रिकामे राहते. गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना मशिदीतून घरी पोहोचणे अवघड होते. तरीही मला हे दृश्य आवडते. ज्या वस्तीचे नाव ऐकून काही लोक पूर्वी भुवया उंचावत, तिथे आज बिगरमुस्लिम तरुण मध्यरात्री निर्धास्त फिरतात. सलोख्याच्या परिषदांना जे जमले नाही, ते इथे मोबाइलने केले.

मोबाइलमुळे माणसे एकमेकांपासून तुटली, चौकात बसूनही मान खालीच असते, अशी तक्रार आपण रोज ऐकतो. ती पूर्ण खरी नाही. अमेरिकेत विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कमधल्या चौकांत आणि उद्यानांत माणसे कशी वावरतात याचे चित्रीकरण केले होते. सुमारे तीस वर्षांनी कीथ हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच जुन्या चित्रीकरणातल्या जागांचे पुन्हा चित्रीकरण करून तुलना केली. फोनवर असणाऱ्यांचे प्रमाण वाटले होते त्यापेक्षा कमी निघाले. एकटे फिरणारे कमी झाले होते आणि सार्वजनिक जागेत स्त्रियांचा वाटा वाढला होता. म्हणजे फोनने रस्ते ओस पाडले, असे म्हणता येत नाही.

पण आपल्याकडचा प्रश्न मान खाली घालून फोन पाहणाऱ्याचा नाही. तो फोन वर उचलून दुसऱ्यावर रोखणाऱ्याचा आहे.

आमच्या मशिदीसमोर चहाच्या टपरीजवळ एक बाकडे आहे. असरनंतर चार-पाच बुजुर्ग तिथे बसतात. एकदा रस्त्यापलीकडे एक अनोळखी मुलगा मोबाइल धरून उभा राहिला. तो कदाचित मशिदीचा घुमट टिपत असेल. पण दोन मिनिटांत बाकडे रिकामे झाले. मी विचारले, तर एक चाचा म्हणाले, "कौन जाने बेटा, नीचे क्या लिख के डाल देगा." त्या मुलाने काहीही वाईट केले नव्हते. तरी भीतीने आपले काम केले होते.

ही भीती हवेतून आलेली नाही. जुलै 2022 मध्ये लखनौच्या नव्या मॉलमध्ये काही जणांनी नमाज पढली. त्याचा व्हिडिओ पसरला, गुन्हा दाखल झाला आणि तो देशभराच्या चर्चेचा विषय झाला. मॉलमध्ये नमाज पढावी का, यावर मतभेद असू शकतात. मला विचाराल तर जिथे व्यवस्थापनाची परवानगी नाही तिथे पढू नये. पण एरवी सुरक्षा रक्षकाने दोन शब्द सांगून मिटली असती अशी गोष्ट कॅमेऱ्यामुळे राष्ट्रीय संकट बनते, हे नवे आहे.

कोल्हापूरचे उदाहरण तर आपल्या घरचे आहे. जून 2023 मध्ये काही तरुणांनी व्हॉट्सॲपवर आक्षेपार्ह स्टेटस ठेवल्याचा आरोप झाला. 7 जूनला बंद पुकारला गेला, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावे लागले. राजर्षी शाहूंच्या शहरात ही वेळ यावी! स्टेटस ठेवणाऱ्यांचा मूर्खपणा मी झाकणार नाही. पण त्याची किंमत कोणी मोजली? ज्यांनी ते स्टेटस पाहिलेही नव्हते अशा दुकानदारांनी, हातगाडीवाल्यांनी. पडद्यावरचे भांडण रस्त्यावर उतरले की रस्ता आधी गरिबाचा बंद होतो.

काही जण म्हणतील, कॅमेरा असेल तर पुरावाही मिळतो. मिळतो, पण त्याने न्याय मिळतोच असे नाही. एप्रिल 2017 मध्ये अलवरजवळ पहलू खान यांना झालेल्या मारहाणीचा व्हिडिओ देशाने पाहिला. ऑगस्ट 2019 मध्ये सहा आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटले. सरकारी कॅमेऱ्यांचेही तसेच. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर मुंबईत कॅमेऱ्यांची मागणी झाली आणि 2016 मध्ये सुमारे पाच हजार कॅमेऱ्यांचे जाळे उभे राहिले. सुरक्षेसाठी ते हवेत, यात वाद नाही. पण ते चित्रीकरण कोण पाहते, किती दिवस ठेवते, हे नागरिकाला कळायला हवे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून तो हक्क संपत नाही, हेही त्या निकालात आहे.

इथपर्यंत आपल्या वाचकांनी माना डोलावल्या असतील. आता थोडे स्वतःकडे पाहू.

बुरखा घातलेली मुलगी वर्गमित्राबरोबर दिसली की तिला अडवायचे, नाव विचारायचे, ओढणी खेचायची आणि हे सगळे चित्रित करून ग्रुपवर टाकायचे, असे अनेक व्हिडिओ 2023 मध्ये वेगवेगळ्या शहरांतून फिरले. अडवणारे आपलेच तरुण होते. ज्या मोबाइलवर लोकेशन पाठवून आई निर्धास्त राहते आणि मुलगी कॉलेजला, क्लासला, समुद्रावर जाऊ शकते, त्याच मोबाइलने तिला पुन्हा घरात ढकलायचे? शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 2011 च्या 'व्हाय लॉइटर?' या पुस्तकात मुंबईतल्या स्त्रीला रस्त्यावर विनाकारण रेंगाळण्याचाही हक्क असल्याचे मांडले. आम्ही तर तिला कारण असतानाही उभे राहू देत नाही.

धर्माच्या नावाने हे करणाऱ्यांनी निदान धर्म तरी वाचावा. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक हदीस आहे. पैगंबरांनी (स.) सोबत्यांना रस्त्यावर बसणे टाळायला सांगितले. ते म्हणाले, आमच्या गप्पा तर तिथेच होतात. तेव्हा पैगंबरांनी सांगितले की मग रस्त्याला त्याचा हक्क द्या. नजर खाली ठेवा, कुणाला त्रास देऊ नका, सलामला उत्तर द्या, चांगल्याचा आग्रह धरा, वाइटापासून रोखा. यादीत नजर पहिली आहे, रोखणे शेवटी. आमच्या स्वयंघोषित रक्षकांनी शेवटचे कलम उचलले आणि पहिली दोन पायाखाली घातली. सूरह हुजुरातमध्ये संशय, हेरगिरी आणि पाठीमागची निंदा या तिन्हींना मनाई आहे. खबर आली की आधी पडताळा, हाही आदेश त्याच सूरहमध्ये आहे. मुलीचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणारा एका बोटाने हे सगळे आदेश मोडतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मशिदीच्या समित्यांनी जुम्याच्या बयानात हा विषय घ्यावा: अनोळखी माणसाचा, विशेषतः स्त्रीचा, व्हिडिओ तिच्या परवानगीशिवाय काढणे गुनाह आहे, असे स्पष्ट सांगावे. मोहल्ल्याच्या ग्रुपवर असा व्हिडिओ आला तर ॲडमिनने तो काढावा आणि पाठवणाऱ्याला जाब विचारावा. दुसऱ्याचा कॅमेरा आपल्यावर रोखला जातो तेव्हा आपल्याला काय वाटते, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. ते ठाऊक असूनही आपण तो आपल्याच मुलींवर रोखणार असू, तर बाकड्यावरून उठून गेलेल्या त्या चाचांसाठी कुठल्या तोंडाने बोलणार?