जुन्या रायफलीचा नेम

थ्री नॉट थ्री म्हणजे आपल्यासाठी पोलिसांच्या खांद्यावरची जुनी लाकडी बंदूक. आपल्याकडे ती निषिद्ध बोअरची, त्यामुळे घरी बाळगायचा प्रश्नच नाही. पण ब्रिटन-कॅनडात लष्कराने विकून टाकलेल्या या ली-एन्फील्ड रायफलींवर हौशी नेमबाज आजही मेहनत घेतात. मला त्यांच्या कामाचा क्रम आवडतो.

दुर्बिणीचा विचार शेवटी. आधी नळीचं तोंड तपासायचं. वर्षानुवर्षं साफसफाईची सळई घासून तिथली कड झिजते आणि गोळी भरकटते. मग लाकूड. दमट हवेत ते फुगतं, नळीला एकाच बाजूने दाबतं आणि नेम सरकतो. जुन्या काडतुसांच्या टोपीतून नळीत क्षार उरत, ते ओल धरून गंज आणत. म्हणून सैनिक नळीत गरम पाणी ओतत.

१९४२पासून हॉलंड अँड हॉलंडने कारखान्यातल्या निवडक अचूक रायफलींना दुर्बीण आणि गालाचा टेकू बसवला. अशा २३ हजारांहून अधिक तयार झाल्या. रायफल तीच, फक्त निवड चोख आणि जोडणी काटेकोर.

युद्धानंतर मात्र शिकारीसाठी असंख्य रायफलींचं लाकूड कापलं, नवी भोकं पाडली. ते आता भरून येत नाही.

तुमच्या घरी आजोबांचं घड्याळ असेल, आजीचं शिवणयंत्र असेल. ते जरूर दुरुस्त करा, वापरा. पण हत्यार लावण्याआधी एवढंच विचारा: हे उद्या पूर्ववत करता येईल का?