चूक उपपदाची, प्रश्न अर्थाचा

मराठीत उपपदे नाहीत. म्हणून आपली मुले इंग्रजी लिहिताना ती गाळतात किंवा नको तेथे जोडतात. हा बुद्धीचा दोष नव्हे. परंतु अशा चुकीवरून ज्याला हसतात, ते मूल बोलणेच सोडते.

नियम घोकून घेण्यापेक्षा अर्थ उकलून दाखवावा, असे आम्हांस वाटते. बाबासाहेबांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथनामात बुद्धापूर्वी 'द' आहे, कारण बुद्ध हे पद आहे. 'गौतम' या विशेषनामापूर्वी तो लागत नाही. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये (१९३६) 'कास्ट'पूर्वी उपपद नाही. तेथे एखादी जात नव्हे, समग्र जातिसंस्थाच अभिप्रेत आहे.

ही नावे अभ्यासिकेच्या फळ्यावर लिहावीत आणि मुलांनाच कारण विचारावे. चुकले तर हसू नये, पुन्हा विचारावे.