पेजमेकरच्या आठवणी पुरे, आता मजकूर सोडवा

डीटीपीच्या दिवसांचा विषय निघाला की आमच्या पिढीचे कार्यकर्ते हळवे होतात. पेजमेकर, श्रीलिपी, सीडॅकचे आयएसएम, खिशातली फ्लॉपी, बटर पेपरवर काढलेली प्रिंट आणि ६ डिसेंबरच्या आधी जागवलेल्या रात्री. हा हळवेपणा आम्हाला समजतो, कारण छापण्याचे साधन हाती असणे ही आपल्यासाठी कधीच साधी गोष्ट नव्हती. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ करूनही 'केसरी'ने छापली नाही. म्हणूनच बाबासाहेबांनी स्वतःची पत्रे काढली, भारतभूषण छापखाना उभा केला.

नव्वदच्या दशकात एक संगणक आणि एक लेझर प्रिंटर एवढ्यावर तालुक्याच्या गावीही अंक तयार होऊ लागला. खिळे जुळवणाऱ्या छापखानेवाल्याच्या मर्जीची गरज उरली नाही. ज्यांच्या बापजाद्यांना अक्षरबंदी होती, त्यांची पोरे फाँट निवडू लागली. ही क्रांतीच होती.

पण त्या काळातले शेकडो अंक, पुस्तिका, पत्रके आज कुठे आहेत? फायली असल्या तरी त्या वाचता येत नाहीत. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले होते. फाँट नसेल तर पडद्यावर निरर्थक इंग्रजी चिन्हे दिसतात आणि शोधयंत्राला त्यात 'आंबेडकर' हा शब्दही सापडत नाही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. आपला मजकूर मात्र अजून बाहेरच आहे. उद्या कुणी म्हणेल, या लोकांनी त्या काळात काही लिहिलेच नाही. आपण पुरावा कुठून दाखवणार?

म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे. आपापल्या गावातल्या जुन्या डीटीपीवाल्यांना गाठा. फ्लॉपी, सीडी, हार्डडिस्क मिळवा. फायलीसोबत फाँटचे नावही लिहून ठेवा, कारण प्रत्येक फाँटचा नकाशा वेगळा असतो. कन्व्हर्टरने युनिकोड करा, पण तेवढ्यावर थांबू नका. पहिली वेलांटी आणि रफार जागा बदलतात, म्हणून मूळ छापील अंक समोर ठेवून मुद्रितशोधन करा. फाइल नसेल तर अंक स्कॅन करा.

जयंतीच्या डीजेवर जमणाऱ्या वर्गणीतला थोडा वाटा या कामाला दिला तर बिघडणार नाही. आपला इतिहास दुसऱ्यांनी लपवला याची चीड आपल्याला आहेच. आपल्याच कपाटातला इतिहास बाहेर काढायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

जय भीम!