गॅप विचारण्याआधी काम बघा



8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हापासून आमच्या कर्नाळा परिसरात स्थानिकांच्या नोकऱ्यांचीच चर्चा आहे. त्या चर्चेत पन्नाशीतला, कारखाना बंद पडल्यापासून घरी बसलेला माणूस मात्र कुठेच नसतो.

कर्नाळ्याच्या डोंगरापलीकडे रसायनी. तिथल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स (एचओसी) या कंपनीचे तोट्यातले प्लांट बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने मे 2017 मध्ये घेतला. माझे शेजारी तिथे फिटर होते. हातात आलेले पैसे मुलीच्या लग्नात आणि घराच्या स्लॅबमध्ये गेले. पुढे दोन वर्षं आई अंथरुणाला खिळून होती. आता जातील तिथे एकच प्रश्न, ‘मधे एवढा गॅप कशाचा?’ मागच्या महिन्यात एका कारखान्यात साहेबांनी त्यांचा बायोडेटा उघडला, 2017 वर बोट ठेवलं आणि पान उलटलंच नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या नळपाणी योजनेचा पंप घरघरायला लागला, तेव्हा याच माणसाने स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी टेकवलं, मूठ कानाला लावली आणि सांगितलं, ‘मागचं बेअरिंग गेलंय.’ खोललं तर तेच निघालं. एक रुपया घेतला नाही. हे बायोडेटात कुठे लिहायचं?

हात जड झाला असेल, शिफ्टची सवय मोडली असेल, ही मालकांची भीती मला कळते. पण ती खरी की खोटी हे अर्ध्या दिवसाच्या कामात कळतं, तारखेवरून नाही. अमेरिकेत अर्थतज्ज्ञ क्रॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 100 शहरांत सुमारे 12,000 काल्पनिक अर्ज पाठवले होते. 2013 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की बेकारी लांबेल तशी मुलाखतीची बोलावणी घटतात, आणि ही घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतच होते. अर्जदारच खोटे होते, त्यामुळे कुणी आळशी झाला किंवा काम विसरला असं म्हणायला जागाच नाही. फक्त तारीख बघून माणसं बाजूला पडली.

1977 साली रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राने मागेल त्याला काम देताना, आधी किती महिने रिकामा होतास, असं विचारलं नव्हतं. प्रत्यक्ष कामावर प्रशिक्षण देणारी 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना मात्र पस्तिशीला थांबते. ती तरुणांसाठी आहे, ठीक. मग कारखाना बंद पडून घरी बसलेल्या पंचेचाळीस-पन्नाशीतल्या कामगाराला काही महिने काम करून दाखवायची तशीच संधी सरकार का देत नाही?

पाताळगंगा आणि तळोजा एमआयडीसीतल्या कारखानदारांना आणि विमानतळाची कामं घेतलेल्या कंत्राटदारांना माझी कळकळीची विनंती आहे. आमच्या माणसांना आधी मशीनपाशी उभं करा, अर्धा दिवस त्यांचं काम बघा. गॅपचं मग विचारा. आईचं आजारपण, तीन-तीन महिन्यांची कंत्राटी कामं, गेटवरून परत पाठवलेले दिवस, सगळं सांगतील.

— एक वाचक, कर्नाळा (पनवेल)