ठिगळ तयार होते, लावायचे राहिले

संगणकाच्या दुनियेत दुरुस्तीला ‘पॅच’ म्हणतात, म्हणजे ठिगळ. सदऱ्याला पडलेले भोक डोळ्यांना दिसते. हजारो संगणकांच्या कारभारात मात्र भोक नेमके कुठे आहे, हेच पुष्कळदा कोणाला ठाऊक नसते. मोठ्या चोऱ्या हॅकरच्या अचाट बुद्धीमुळे होतात, असा आपला समज. मला त्यांच्या मुळाशी बहुधा साध्या नोंदवहीची हेळसांड दिसते.

अमेरिकेतील इक्विफॅक्सचेच पाहा. कोणी किती कर्ज घेतले, कसे फेडले, याच्या नोंदी ठेवणारी ही कंपनी. ग्राहकांच्या तक्रारी घेणारे तिचे संकेतस्थळ अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरवर चालत असे. त्यात गंभीर दोष निघाला आणि ७ मार्च २०१७ रोजी त्यावरची दुरुस्तीही विनामूल्य उपलब्ध झाली. दोनच दिवसांत कंपनीत फर्मान सुटले : ४८ तासांत दुरुस्ती करा. ते चारशेहून अधिक जणांना गेले. पण यादी जुनी होती. ज्यांनी हे काम करायचे, त्यांना ते मिळालेच नाही. नंतरच्या तपासणीतही दोष हाती लागला नाही. १३ मेपासून चोर आत वावरू लागले. पहाऱ्याला यंत्र होते. पण त्याला लागणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वीच संपली होती. २९ जुलैला ते नवे घातले आणि चोरी दिसली. तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली होती. बैल गेला आणि झोपा केला!

पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख कशी बदलणार? कंपनीच्या माजी प्रमुखांनी पुढे अमेरिकी काँग्रेससमोर एका कर्मचाऱ्याच्या चुकीकडे बोट दाखवले. पण कोट्यवधी लोकांची सुरक्षितता एकाच माणसाच्या हातात राहते, हा दोष त्या माणसाचा की व्यवस्थेचा?

मग दुरुस्ती हाती येताच ती सगळीकडे एकदम लावावी काय? तेही घातक. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने धाडलेल्या एका सदोष बदलाने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने तो बदल सव्वा तासात मागे घेतला. पण बंद पडलेले असंख्य संगणक माणसांना एकेक करून उठवावे लागले.

उपाय घरगुती वाटावा इतका साधा आहे. कोणत्या यंत्रावर काय चालते, याची चोख नोंद हवी. बदल आधी मोजक्या यंत्रांवर करून पाहावा, मग इतरांवर करावा. आणि तो खरोखर झाला का, हे दुसऱ्याच माणसाने तपासावे. आपल्याकडे सायबर घटना सहा तासांत सरकारी यंत्रणेला कळवण्याचे बंधन २०२२ साली आले. ते योग्यच, पण ती झाली चोरीनंतरची वर्दी. आपला पैसा आणि आपली ओळख ज्यांच्या हवाली आहे, त्यांना आपण चोरीच्या आधीचा प्रश्न विचारला पाहिजे : तुमची नोंदवही शेवटची कधी तपासली, आणि कोणी?