रेडकाच्या वाट्याचा चारा

म्हैस व्याली आणि वगार झाली तर गोठ्यात आनंद असतो. रेडा झाला तर मालक गप्प होतो. म्हैस पान्हवण्यापुरते त्याला आचळाला लावायचे आणि एरवी बाजूला बांधून ठेवायचे, ही अनेक गोठ्यांतली रीत आहे. शेतात ट्रॅक्टर आला, रेड्याचे काम संपले आणि त्याच्या वाट्याचे दूधही संपले. कित्येक नर रेडके काही आठवड्यांतच खंगून मरतात. त्याला कोणी कत्तल म्हणत नाही, पण तो मृत्यूच आहे, आणि तोही उपासमारीचा.

त्याच शिवारात दुसरीकडे चारा वाया जातो. सोयाबीन मळले की भुसकटाचे ढीग बांधावर कुजतात. भाताचा पेंढा, तुरीचा भुसा, हरभऱ्याचे काड अनेक ठिकाणी पेटवून दिले जाते. या दोन नासाड्या एकमेकींना जोडल्या तर काय होईल, याचा विचार आपल्या तरुणांनी करावा म्हणून हा लेख.

प्रश्न आपल्या घराशी जोडलेला आहे. मार्च 2015 पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. कायदेशीर व्यवसाय उरला तो म्हैसवर्गाचा, तोही सरकारी प्रमाणपत्राच्या अटीवर. 2025 च्या पावसाळ्यात राज्यातल्या कुरेशी समाजाने जनावरांची खरेदी थांबवली, तेव्हा आठवडी बाजार ओस पडले आणि शेतकऱ्यालाही झळ बसली. आपण मात्र या साखळीत आजवर फक्त शेवटच्या टोकाला उभे राहिलो. खरेदी, वाहतूक, कत्तल, विक्री एवढेच आपले काम राहिले. जनावर वाढवणारा वेगळा आणि विकणारा वेगळा. सगळी जोखीम मात्र रस्त्यावरच्या कुरेशी पोराच्या डोक्यावर.

मग आपणच रेडकू वाढवायला का घेऊ नये?

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात असे सूक्ष्मजीव असतात जे माणसाला न पचणाऱ्या काडीकचऱ्यातून ताकद काढतात. जगभरातल्या पशुधनाच्या खाद्यापैकी सुमारे 86 टक्के भाग माणसाच्या खाण्याजोगा नसतो, असा हिशेब अन्न व कृषी संघटनेच्या संशोधकांनी 2017 साली मांडला. म्हणजे नीट वाढवलेला रेडा माणसाच्या ताटातले हिसकावून खात नाही, शेतात उरलेले खातो.

पण उरलेले म्हणजे काहीही नव्हे, आणि इथेच शिकण्याची गरज आहे. नुसत्या पेंढ्यावर जनावर जगते, पण वाढत नाही. पेंढ्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के. 100 किलो पेंढ्यावर 4 किलो युरिया 40 ते 50 लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबून प्लास्टिकखाली 21 दिवस हवाबंद ठेवायचा. पेंढा मऊ होतो आणि त्याचा कस वाढतो. खाऊ घालण्यापूर्वी तो पसरून वास जाऊ द्यावा आणि सवय हळूहळू लावावी. सहा महिन्यांखालच्या रेडकाला तो देऊ नये. कोरडा युरिया तर कधीच चारू नये, ते विष आहे. उसाचे वाढे ऊसतोड मजुरांकडून विकत मिळतात. पण नुसत्या वाढ्यांतले ऑक्झलेट शरीरातले कॅल्शियम खाते, म्हणून चुन्याची निवळी शिंपडावी आणि खनिज मिश्रण द्यावे. सरकीची पेंड, तूरचुणी, गव्हाचा कोंडा, थोडी मळी यांची जोड दिली की अंगावर मांस चढते. बुरशी लागलेली पेंड मात्र स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

स्वस्ताईच्या मोहाचा धडा ब्रिटनने दिला आहे. तिथे गुरांना गुरांच्याच मांस-हाडांची भुकटी चारली गेली. 1986 साली 'मॅड काऊ' रोगाची ओळख पटली, 1988 मध्ये त्या खाद्यावर बंदी आली आणि 1996 मध्ये माणसांच्या आजाराशी त्याचा संबंध मान्य झाला. आपल्या फुकहांनी घाण खाणाऱ्या जनावराला 'जल्लाला' म्हटले आणि ते स्वच्छ चाऱ्यावर ठेवल्याशिवाय खाऊ नये असे सांगितले, ते शतकांपूर्वी. आपण सुरीपाशी हलाल शोधतो. पण जनावराने आयुष्यभर काय खाल्ले, हे विचारल्याशिवाय ते तय्यब कसे ठरेल? उकिरड्यावर प्लास्टिक चघळणारे जनावर हा आपल्याही मोहल्ल्याचा प्रश्न आहे.

यात अडचणी खऱ्या आहेत. पाळलेला रेडा विकताना कागद लागतात, वाटेत अडवणूक होते, कायदा हातात घेणारे टपलेले असतात. त्याची जबाबदारी सरकारची आहे आणि ती मागत राहिली पाहिजे. प्रमाणपत्र तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या मुदतीत मिळावे आणि कागद पूर्ण असलेल्या गाडीला पोलिसांनी संरक्षण द्यावे. पण कानातला बारा अंकी बिल्ला, लसीकरणाची नोंद, खरेदीची पावती हे आपल्या हातात आहे. ज्याने जनावर लहानपणापासून वाढवले, त्याच्याकडे कागदांची साखळी पूर्ण असते.

म्हणून तरुणांना एवढेच सांगणे. दहा जण एकत्र या. गावातल्या दूधवाल्या शेतकऱ्याशी बोला, तो हिंदू असो वा मुसलमान. त्याला नको असलेले रेडकू रास्त दराने घ्या आणि त्याचे भुसकटही विकत घ्या. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, कृषी विज्ञान केंद्रात जाऊन खुराकाचे गणित शिका. परभणी, उदगीर, शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथे आपली मुले-मुली शिकायला पाठवा. सुरुवात पाच रेडकांनी करा. दर महिन्याला वजन आणि खर्च वहीत लिहा, आणि वही तोट्याची निघाली तर तेही मोकळेपणाने सांगा.

शेतकऱ्याच्या बांधावर आपण फक्त गिऱ्हाईक म्हणून जात होतो. आता त्याचा जोडीदार म्हणून जाऊन पाहू.