दरबार साहिबातला बीठल

आमच्या खानापूर-आटपाडीकडं पाऊस कमी, म्हणून घरटी एकजण तरी गलाईला परमुलखात. मीही अठरा वर्षं अमृतसरच्या गुरू बाजारात सोनं-चांदी गाळली. दिवसभर मूस, भट्टी आणि तेजाबाचा धूर. दुकान उघडण्याआधी पहाटे दरबार साहिबात, म्हणजे सुवर्णमंदिरात जायचो. खरं सांगायचं तर सुरुवातीला भक्तीपोटी नव्हे, लंगरच्या जेवणापोटी.

तिथंही पंगतच म्हणतात. रोटी ताटात टाकत नाहीत. आपण दोन्ही हात पुढं करायचे, सेवेकरी त्यावर ठेवतो. माझ्या शेजारी कधी सराफ, कधी रिक्षावाला. गावजेवणात कोण कुठं बसायचं, हे मी लहानपणी पाहिलेलं. त्यामुळं पहिल्या दिवशी घास जरा अडकलाच.

एकदा रागी गात असताना कानावर शब्द आला, 'बीठल'. चपापलो. हा तर आपला विठ्ठल! शेजारच्या म्हाताऱ्या सरदारजींना विचारलं, तर तेच चकित. "भगत नामदेवजी! आप ही के तो हैं!"

गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदं आहेत. कबीर, रविदास, शेख फरीद यांच्या पंक्तीला. पुढं १७०८ मध्ये आपल्या नांदेडात गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून याच ग्रंथाला गुरुपद दिलं. म्हणजे शीख ज्याच्यापुढं माथा टेकतात, त्यात शिंप्याचा नामा बसलेला.

रात्री हा ग्रंथ पालखीतून अकाल तख्ताकडं नेतात. खांदा द्यायला लोणंद-फलटणला माउलींच्या दर्शनाला उसळावी तशी झुंबड. मीही दिला खांदा.

आता विट्याला परतलोय. हायवेवरच्या ढाब्यात पगडी दिसली की आमची पोरं 'बारा वाजले' म्हणून खिदळतात. पोरांना काय बोलणार? आम्हा मोठ्यांनाच कुठं ठाऊक आहे? सातारा-सांगलीतल्या किती भजनांना बसलो. नामदेवांचे मराठी अभंग रात्रभर चालतात, पण त्या ६१ पदांतलं एकही माझ्या कानावर आलं नाही. नागरीत छापलेली मिळतात ती, गुरुमुखीची अडचण नाही.

आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवांची पुण्यतिथी. भजनी मंडळांनो, त्या रात्री एक तरी पद लावा. चाल मी सांगतो, कानात पक्की बसलीय.